'चालत जा'च्या पुढे आणखी एक ओळ: फॅमिली डॉक्टरांना खुले पत्र

सन्माननीय डॉक्टर,

सप्रेम नमस्कार.

पन्नाशी ओलांडलेल्या माणसांना ताकदीचे व्यायाम शिकवणं हे माझं काम. माझ्याकडे येणाऱ्या बहुतेकांना तुमचा सल्ला तोंडपाठ असतो: रोज अर्धा तास चालायचं. ते तो मनापासून पाळतातही. ऊन असो, थंडी असो, त्यांची फेरी चुकत नाही. तरीही जमिनीवर बसलं की उठताना त्यांना कुणाचा तरी हात लागतो. सामानाची पिशवी घेऊन जिना चढताना मधल्या वळणावर थांबावं लागतं. वरच्या फळीवरचा जड डबा काढायचा तर घरातल्या दुसऱ्या कुणाला तरी हाक मारावी लागते. "एवढं चालतो, मग पायात जोर का नाही?" हा प्रश्न ते मला विचारतात. त्याचं उत्तर त्यांना तुमच्याकडून मिळायला हवं, म्हणून हे पत्र.

माझी मागणी छोटी आहे. 'चालत जा' असं सांगताना त्याच्या पुढे आणखी एक ओळ जोडा: आठवड्यातून दोन दिवस ताकदीचा व्यायाम. तोंडी सांगून सोडून देऊ नका, गोळ्यांच्या चिठ्ठीवर गोळ्यांसारखीच लिहून द्या.

तुम्हीच का, हेही सांगते. मी कितीही समजावलं तरी मी प्रशिक्षक आहे. मला माझा वर्ग चालवायचा आहे, हे समोरच्याला माहीत असतं. तुमच्या शब्दाला जे वजन आहे ते माझ्या तासभराच्या बोलण्याला नाही. हे वजन उलट्या बाजूनेही काम करतं. "डॉक्टरांनी जड उचलायचं नाही म्हणून सांगितलंय" हे वाक्य मी सतत ऐकते. कधी सांगितलं, असं विचारलं की कळतं, हर्नियाच्या ऑपरेशननंतर, किंवा कंबर धरली होती तेव्हा. तेव्हाचा तो सल्ला काही आठवड्यांपुरता होता. टाके भरले, कंबर सुटली, पण बंदी उठवायला कुणी परत बोलावलं नाही. मग पाण्याची बादली दुसऱ्याने उचलायची, नातवंडाला कडेवर घ्यायचं नाही, प्रवासात बॅग सोबतच्याने धरायची. शरीराने त्या बंदीशी जुळवून घेतलं आणि काही वर्षांत ती खरीच ठरली: आता त्यांना जड उचलता येत नाही. म्हणून मुख्य मागणीच्या आधीच ही एक विनंती करून टाकते. 'उचलू नका' सांगाल तेव्हा कधीपर्यंत तेही सांगा, आणि मुदत संपली की 'आता हळूहळू उचलायला लागा' हेही तुमच्याच तोंडून येऊ द्या.

चालण्याबद्दल माझ्या मनात आकस नाही. हृदयासाठी, रक्तदाबासाठी, झोपेसाठी, मनासाठी चालणं चांगलंच. या सल्ल्यामागे भक्कम अभ्यासांची परंपरा आहे. १९५३ साली जेरेमी मॉरिस आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी लंडनच्या दुमजली बसवरच्या चालकांची आणि वाहकांची तुलना 'लॅन्सेट' या वैद्यकीय नियतकालिकात मांडली. दिवसभर बसून असणाऱ्या चालकांपेक्षा वाहकांमध्ये हृदयविकार कमी आढळला. मला त्या अभ्यासातली एक गोष्ट फार महत्त्वाची वाटते. ते वाहक सपाट रस्त्यावर फेरफटका मारत नव्हते, दिवसभर बसचा जिना चढत-उतरत होते. म्हणजे दर पायरीला एका पायावर अख्खं शरीर उचलत होते. पुढे सल्ला लोकांपर्यंत पोचता पोचता त्यातला जिना गळून पडला आणि फेरफटका तेवढा राहिला.

जागतिक आरोग्य संघटनेच्या २०२० च्या मार्गदर्शक सूचना तुमच्या वाचनात असतीलच. आठवड्याला १५० ते ३०० मिनिटं मध्यम श्रमाचा व्यायाम, हे सगळ्यांना माहीत झालंय. त्याच सूचनांमध्ये आठवड्यातून किमान दोन दिवस सगळ्या मोठ्या स्नायूंना ताकदीचा व्यायाम द्या असंही आहे, आणि ६५ च्या पुढच्यांसाठी तोल आणि ताकद यांवर भर देणारा व्यायाम किमान तीन दिवस. तपासणीच्या खोलीत पहिलं वाक्य पोचलं, दुसरं दाराबाहेर राहिलं.

चालून ताकद का टिकत नाही, याचं कारण साधं आहे. स्नायू त्याच्या कुवतीच्या जवळपास काम पडलं तरच वाढतो किंवा टिकून राहतो. रोज त्याच रस्त्याने त्याच वेगाने चालणाऱ्या माणसाच्या मांड्यांना पहिले काही आठवडे थोडं काम पडतं, पुढे ते त्यांच्या अंगवळणी पडतं. त्यातून वयानुसार आधी बारीक होतात ते झपाट्याने जोर लावणारे तंतू. सपाट रस्त्यावर रमतगमत चालताना या तंतूंना जवळजवळ हाक दिलीच जात नाही. आणि पाय अडखळल्यावर, क्षणार्धात दुसरा पाय पुढे टाकून शरीर सावरायला नेमके तेच लागतात. स्नायूंचं आकारमान घटतं त्याहून वेगाने ताकद घटते, आणि तो जोर चटकन लावायची क्षमता तर त्याहूनही वेगाने. म्हणून दंडाचा, मांडीचा घेर पाहून काहीच कळत नाही. अंगाने भरलेला माणूसही आतून अशक्त असू शकतो.

कळतं कशावरून, तर खुर्चीवरून. तुमच्या बाहेरच्या खोलीत नंबर पुकारला की पेशंट कसा उठतो, ते एकदा दारात उभं राहून बघा. कमकुवत होत चाललेला माणूस आधी खुर्चीच्या कडेपर्यंत सरकतो. पाय मागे ओढून घेतो. मग दोन्ही तळहात गुडघ्यांवर येतात. थोडं पुढे-मागे झुलून, त्या झोकात तो उठतो, आणि उभं राहिल्यावर पाऊल टाकण्याआधी क्षणभर थांबतो. बसताना तर आणखी स्पष्ट दिसतं: शेवटचे चार बोटं अंतर त्याला सावरता येत नाही, तो धप्पकन खाली येतो. ते धप्पकन बसणं मला सगळ्यात जास्त सांगून जातं. शरीर सावकाश खाली आणणं हेही मांड्यांचंच काम. जिना उतरताना तेच लागतं. माणसं मात्र म्हणतात, "चढायला काही नाही, उतरायची भीती वाटते."

हे मोजायला यंत्र लागत नाही. हात छातीशी दुमडून खुर्चीतून पाच वेळा पूर्ण उठायचं-बसायचं आणि सेकंद मोजायचे. वयानुसार स्नायू झिजण्यावर काम करणाऱ्या युरोपातल्या तज्ज्ञगटाने १५ सेकंदांहून जास्त वेळ लागला तर स्नायूंची ताकद कमी धरायला सांगितलंय. आशियातल्या तज्ज्ञगटाचा २०१९ चा निकष अधिक कडक आहे, १२ सेकंद. हातांचा आधार न घेता एकदाही उठता येत नसेल तर घड्याळाची गरजच नाही. रक्तदाब मोजायला जेवढा वेळ जातो त्याहून कमी वेळात हे होतं. हाताची पकड मोजायचं छोटं उपकरण ठेवलंत तर आणखी उत्तम. १७ देशांतल्या सुमारे १,४०,००० लोकांचा एक अभ्यास २०१५ मध्ये 'लॅन्सेट'मध्ये आला होता. त्यात पकड दर ५ किलोने कमी असणाऱ्यांमध्ये पुढच्या काळात मृत्यूचा धोका १६ टक्क्यांनी जास्त दिसला, आणि वरच्या रक्तदाबाच्या आकड्यापेक्षा पकडीने अधिक अचूक अंदाज दिला. रबरी चेंडू दाबत बसल्याने आयुष्य वाढेल असा याचा अर्थ नाही. पकड ही अंगातल्या एकूण ताकदीची खूण आहे. पण ज्या खुणेचा एवढा उपयोग आहे ती फाइलमध्ये कुठेच नोंदली जात नाही, याचं मला वाईट वाटतं.

"आता या वयात काय ताकद येणार?" हे पेशंट म्हणतो, त्याचा मुलगा म्हणतो, आणि स्पष्टच लिहिते, कधीकधी तुम्हीही म्हणता. १९९० साली मारिया फियातारोन आणि सहकाऱ्यांनी वृद्धाश्रमात राहणाऱ्या, सरासरी ९० वर्षं वयाच्या दहा जणांना आठ आठवडे मांड्यांचा जड व्यायाम दिला. जड म्हणजे खरोखर जड, त्यांच्या कमाल कुवतीच्या जवळ जाणारा. मांड्यांची ताकद सरासरी १७४ टक्क्यांनी वाढली. व्यायाम बंद झाल्यावर काही आठवड्यांतच ती पुन्हा घटू लागली, हेही त्याच अभ्यासातलं. त्याच चमूचा पुढचा, १९९४ चा अभ्यास शंभर जणांवर होता, सरासरी वय ८७. दहा आठवड्यांत ताकद दुपटीहून जास्त झाली, चालण्याचा वेग आणि जिना चढण्याची क्षमताही वाढली. ज्यांना व्यायामाशिवाय नुसतं पूरक पोषण दिलं त्यांचा अशक्तपणा मात्र हटला नाही. अशक्तपणा वाटतोय म्हणून आलेल्या माणसाला प्रोटीन पावडरचा डबा लिहून देताना हा निष्कर्ष आठवावा. प्रथिनं हवीतच, वय वाढेल तशी थोडी जास्तच हवीत; पण स्नायूला काम दिलं नाही तर ती त्याच्या कामी येत नाहीत.

याची दुसरी बाजू अंथरुणावर दिसते. सरासरी ६७ वर्षांच्या निरोगी माणसांना २००७ च्या एका प्रयोगात फक्त दहा दिवस झोपवून ठेवलं, तेवढ्यात त्यांच्या पायांमधला सुमारे एक किलो स्नायू गेला. दहाच दिवस, आणि तीही निरोगी माणसं. न्यूमोनियाने किंवा मोडलेल्या हाडाने आठवडे पडून राहिलेल्याचं काय होत असेल? आजार बरा होतो, रिपोर्ट चांगले येतात, घरी सोडतात, आणि माणूस पूर्वीसारखा होत नाही. घरचे म्हणतात, त्या दुखण्याने खचला. त्यातला कितीतरी भाग मांड्यांमधून गेलेला असतो आणि तो परत मिळवता येतो. डिस्चार्जच्या कागदावर गोळ्यांची यादी असते; खुर्चीतून उठण्या-बसण्याची एक ओळ तिथे असायला काय हरकत आहे?

तुमच्या शंका मला माहीत आहेत आणि त्या रास्त आहेत. हृदयाच्या पेशंटला वजनं उचलायला कशी सांगायची? अमेरिकन हार्ट असोसिएशनने २००० सालीच हृदयविकार असलेल्या आणि नसलेल्या, दोघांसाठीही ताकदीच्या व्यायामाची शिफारस केली, आणि २०२३ मध्ये नवं निवेदन काढून ती पुन्हा मांडली. कुणाला थांबवायचं, छातीत अस्थिर दुखणाऱ्याला, रक्तदाब आटोक्यात नसलेल्याला, डोळ्याचं ऑपरेशन ताजं असलेल्याला, हे तुम्ही माझ्यापेक्षा शंभर पटीने चांगलं जाणता. मी फक्त एवढंच बघते की उचलताना कुणी श्वास कोंडून धरत नाही.

हाडं ठिसूळ असलेल्या बाईने तर वजनाला हातच लावू नये असं समजलं जातं. ऑस्ट्रेलियातल्या एका अभ्यासात, २०१८ मध्ये तो प्रसिद्ध झाला, रजोनिवृत्तीनंतर हाडांची घनता कमी झालेल्या शंभरेक बायकांपैकी अर्ध्यांना आठवड्यातून दोनदा, अर्धा-अर्धा तास, प्रशिक्षित माणसाच्या देखरेखीखाली जड वजनं उचलायला लावली. जमिनीवरून उचलणं, डोक्यावर ढकलणं, वजन घेऊन बैठका. आठ महिन्यांत त्यांच्या कमरेच्या मणक्यांची घनता २.९ टक्क्यांनी वाढली; घरी हलका व्यायाम करणाऱ्यांची १.२ टक्क्यांनी घटली. देखरेखीखाली, हा शब्द मी मुद्दाम परत लिहिते. हे घरी एकटीने व्हिडिओ बघून करायचं काम नाही. पण 'हाडं ठिसूळ आहेत, जपून राहा' एवढ्यावर बाईला घरी पाठवणं हेही तिला जपणं नव्हे.

गुडघ्यांबद्दल थोडक्यात. झिजलेल्या गुडघ्याला मांडीच्या स्नायूंचा आधार लागतो आणि तो बसून मिळत नाही. थोडं दुखतंय म्हणजे व्यायामाने नुकसान होतंय असं नाही, हे एकदा तुम्ही सांगितलंत की माझं निम्मं काम होतं. दुसऱ्या दिवशीपर्यंत दुखणं नेहमीच्या पातळीवर आलं तर भार योग्य होता, वाढलेलंच राहिलं तर पुढच्या वेळी कमी करायचा.

आता चिठ्ठीवर नेमकं काय लिहायचं. फार काही लागत नाही. खुर्चीतून उठणं-बसणं, उतरताना सावकाश. भिंतीवर हात टेकवून जोर काढणं. ते सोपं झालं की भक्कम टेबलाच्या कडेवर. जमिनीवरून सामान उचलणं, पाठ वाकवून नव्हे, कमरेच्या खुब्यातून वाकून, वस्तू पायांच्या जवळ ठेवून. दोन्ही हातांत वजन घेऊन ताठ चालणं. रबरी पट्टा छातीकडे ओढणं. टाचा उचलणं. आधाराजवळ एका पायावर उभं राहणं. प्रत्येक प्रकार आठ ते बारा वेळा, दोन फेऱ्या. शेवटच्या दोन-तीन वेळा अवघड गेल्या पाहिजेत, पण ढंग बिघडता कामा नये. आणखी दोन निघाल्या असत्या असं वाटताना थांबायचं. बारा वेळा सहज व्हायला लागलं की भार वाढवायचा. हे शेवटचं वाक्य कृपा करून गाळू नका. वर्षानुवर्षं त्याच अर्ध्या किलोच्या डंबेलने हात हलवणारी माणसं मी बघते. त्यांची चिकाटी कौतुकाची आहे, आणि ती वाया जातेय.

यातल्या प्रत्येक हालचालीचा घरातल्या कुठल्या ना कुठल्या कामाशी थेट संबंध आहे, हे पेशंटला सांगायला विसरू नका. कमोडवरून उठणं म्हणजे खुर्चीचा व्यायाम. सिलिंडर सरकवणं, गादी उचलून चादर खोचणं, झोपलेल्या मुलाला गाडीतून उचलून घरात नेणं, यांतली कुठली गोष्ट त्याला परत करायचीय ते विचारा. 'फिट व्हायचंय' म्हणून आलेला माणूस महिन्यात गळतो. 'मला जमिनीवर बसून उठता यायला हवं' म्हणून आलेली माणसं टिकतात.

टिकण्याचाच सगळा प्रश्न आहे. मला बारा आठवड्यांत कायापालट झालेला माणूस नकोय. सत्तराव्या वर्षी आठवड्याचे दोन दिवस सांभाळणारा हवाय. वीस-पंचवीस मिनिटं पुरेत. सुरुवातीला जमतंय त्याहून थोडं कमीच करावं, म्हणजे दुसऱ्या दिवशी जिना उतरताना आई आठवत नाही आणि माणूस तिसऱ्या दिवशी परत येतो. पहिल्या काही आठवड्यांत जी सुधारणा दिसते ती मुख्यतः मेंदू आणि नसा स्नायूंना नीट कामाला लावायला शिकल्यामुळे. स्नायू भरायला महिने लागतात. हे आधी सांगितलं की आरशात काही दिसत नाही म्हणून कुणी सोडत नाही. आठवडा चुकला तर चुकला. आजारपणात थांबावं आणि परतल्यावर निम्म्या भाराने सुरू करावं. परतायला उशीर मात्र करू नये.

आणखी एक, वजन कमी करायला सांगता त्या पेशंटांविषयी. नुसता आहार तोडून, किंवा हल्लीच्या इंजेक्शनांनी, जे वजन उतरतं त्यात चरबीसोबत स्नायूही जातो. काट्यावरचा आकडा बघून दोघंही खूश होता. तेव्हाच खुर्चीचे सेकंदही मोजा. मधुमेह असेल तर हे अधिकच गरजेचं, कारण जेवणानंतर रक्तातली साखर शोषून घेणाऱ्या अवयवांत स्नायूंचा वाटा फार मोठा आहे.

आमच्या क्षेत्राबद्दल तुम्हाला विश्वास वाटत नाही, हे मी समजू शकते. पहिल्याच दिवशी साठीच्या माणसाला घाम काढून लोळवणारे प्रशिक्षक आहेत. म्हणून पाठवण्याआधी प्रश्न विचारा. पेशंटची औषधं आणि जुनी ऑपरेशनं विचारून घेता का? पहिल्या दिवशी काय मोजता? दुखायला लागलं तर काय बदलता? ज्याला याची उत्तरं देता येत नाहीत त्याच्याकडे पाठवू नका. अधिक गुंतागुंत असेल तर आधी फिजिओथेरपिस्टकडे जाऊ दे, आमच्याकडे नंतर. चाळिशीतल्यांनाही पाठवा, ते तर धडधाकट असतानाच पाठवा. पडून हाड मोडल्यावर जो माणूस येतो त्याला आधी भीती सोडवावी लागते, ताकद नंतर.

फाइलमध्ये वजन, रक्तदाब, साखर यांच्या शेजारी एक रकाना वाढवा: 'खुर्ची, पाच वेळा, सेकंद'. तुम्ही पहिला आकडा लिहून पाठवा. तीन महिन्यांनी त्याच उंचीच्या खुर्चीवर, हात छातीशी दुमडून, दुसरा आकडा घेऊन आम्ही पेशंटला तुमच्याकडे परत पाठवू. सुधारणा झाली नसेल तर आमचं काय चुकलं ते विचारायला फोन करा.

कळावे, लोभ असावा.

आपली विश्वासू,
ताकदीचे व्यायाम शिकवणारी एक प्रशिक्षक